गावातून लॅपटॉपवर काम, दुखणारी मान आणि बधिर करंगळी

एका भाऊने विचारलंय: वय २८, नोकरी पुण्याच्या आयटी कंपनीत. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आर्वी तालुक्यातल्या आपल्या गावी आला, तो ऑगस्ट २०२१ उजाडला तरी तिथूनच काम करतोय. सपरीतल्या (घराच्या पुढच्या पडवीतल्या) दिवाणावर बसून रोज दहा-अकरा तास, शनिवारी अर्धा दिवस. मान-खांदे भरून येतात आणि दोन महिन्यांपासून डाव्या हाताच्या करंगळीला मुंग्या येतात. रविवारी वडिलांसोबत कपाशीवर फवारणी. त्याचे प्रश्न दोन. बारा-पंधरा हजारांची ऑफिसची खुर्ची मागवू का? आणि आई रोज गरम तेलानं मान चोळून देते, ते चालेल का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, १८ वर्षं वर्धा जिल्ह्यातच. माझ्याकडे येणार कोण, तर कापूस वेचून कंबर धरलेल्या बाया, ट्रॅक्टरवाले, गुडघ्याचे आजोबा. २०२० च्या पावसाळ्यापासून त्यात लॅपटॉपवाली पोरं-पोरी आली. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

खुर्ची आज मागवू नका. का, ते माझ्याच चुकीवरून सांगते. जून २०२० मध्ये पुलगावकडच्या एका मुलाला मी फोनवर सल्ला दिला होता, अगदी पुस्तकातला: टेबल घ्या, पाठीला आधार देणारी खुर्ची घ्या, पाय जमिनीला टेकू द्या. त्यानं बिचाऱ्यानं घेतलं. तीन आठवड्यांनी फोन आला, दुखणं होतं तसंच. मग कळलं, टेबल मावलं फक्त मागच्या खोलीत आणि रेंज येते फक्त सपरीत, खिडकीजवळच्या कोपऱ्यात. पठ्ठ्या चौथ्या दिवशीच दिवाणावर परत गेला होता. टेबलावर सोयाबीनच्या बियाण्याची पोती ठेवली होती, आणि खुर्चीवर त्याचे बाबा बसून पेपर वाचायचे. रेंज कुठे येते, हे मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून दुखतं कुठे हे विचारायच्या आधी मी तीन गोष्टी विचारते. रेंज कुठे मिळते? लाईन गेली की काय करता? आणि दुपारी घरात सगळ्यात कमी तापतं ते ठिकाण कोणतं? शहरात माणूस खुर्ची बघून बसतो. आपल्याकडे टॉवर, लाईन आणि ऊन हे तिघं मिळून तुमची जागा ठरवतात, आणि मग त्या जागेत शरीर कसंबसं कोंबलं जातं. मानदुखी त्या कोंबण्याची आहे. म्हणून आधी जागा सोडवायची, मग तास. खुर्ची त्यानंतर, आणि तीही लागली तर.

आणखी एक. मी कोणालाही 'बसून दाखवा' म्हणत नाही. म्हटलं की सगळे शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखे ताठ बसतात. मी सांगते, दुसरा फोन समोरच्या कोपऱ्यात ठेवा, रेकॉर्डिंग लावा आणि विसरून जा. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पाठवा. पहिली पाच मिनिटं पाठ सरळ असते. दहाव्या मिनिटाला लॅपटॉप मांडीवरून गादीवर उतरतो. पंधराव्या मिनिटाला माणूस डाव्या कुशीवर कलतो, कोपर दिवाणाच्या लाकडी कडेवर रोवतो, गाल तळव्यावर, आणि उजव्या हातानं टायपिंग. हा पवित्रा मी इतक्या व्हिडिओंत पाहिलाय की तुमची करंगळी डावी आहे हे वाचताच मला दिवाणाची ती कड दिसली.

तुमच्या मानेत बहुधा काही बिघडलेलं नाही. ती थकली आहे. डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. पाण्यानं भरलेली घागर डोक्यावर घेऊन बाई ताठ चालते तेव्हा तिला मैलभर काही होत नाही, पण तीच घागर हात पुढे करून धरायला सांगा, दोन मिनिटांत हात थरथरतील. मान खाली घालून गादीवरच्या स्क्रीनकडे बघणं म्हणजे घागर हातभर पुढे धरणं. मानेमागचे स्नायू ती दहा तास धरून ठेवतात. लॅपटॉपचा मूळ दोषच हा की स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. स्क्रीन डोळ्यांसमोर आणली तर हात अधांतरी, हात बरोबर ठेवले तर मान खाली. चाळीस हजारांच्या खुर्चीवर बसलात तरी हा दोष जात नाही. तो जातो वेगळ्या कीबोर्ड-माऊसनं, आणि वायरचा साधा जोड हजाराच्या आत येतो. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले इथे करा.

आता जागा. रेंज खिडकीत आहे म्हणून तुम्हीही खिडकीतच बसायचं, असं काही नाही. फोन खिडकीत चार्जिंगला लावून ठेवा, हॉटस्पॉट सुरू करा आणि लॅपटॉप घेऊन दहा-पंधरा फूट आत या. रेंज लागते ती फोनला. इतकी साधी गोष्ट, पण माझ्या निम्म्या पेशंटांनी ती केलेली नव्हती, कारण कॉल आला की फोन कानाला लागायचा आणि माणूस परत खिडकीत. कॉल लॅपटॉपवरूनच घ्या, कानात इअरफोन घाला. घरातली प्रत्येक खोली वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं टाकून तपासा. शेजारच्याचं सिम दहा मिनिटं मागून घेतलं तरी कळतं. ग्रामपंचायतीपर्यंत इंटरनेटची केबल आली असेल आणि कोणी घरी जोडणी देत असेल तर उत्तमच, पण ते गावागावावर आहे.

जागा मिळाली की उंची. घरातलं टेबल साधारण तीस इंच उंच असतं. तुमच्या-माझ्या उंचीच्या माणसाचं कोपर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्यावर पंचवीस-सव्वीस इंचांवर येतं. मधले चार इंच खांदे उचलून भरून काढले जातात, आणि संध्याकाळी जे खांदे 'भरून येतात' ते हेच. म्हणून खुर्चीवर घट्ट घडी केलेली गोधडी घालून स्वतः वर या, आणि पाय लोंबायला लागले तर खाली दोन विटांवर पाट ठेवा. कंबरेमागे गुंडाळलेला टॉवेल. लॅपटॉप पत्र्याच्या डब्यावर किंवा विटांवर इतका उंच, की स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत यावी आणि हात लांब केला तर बोटं स्क्रीनला टेकावीत. कीबोर्ड समोर, कोपरं अंगाजवळ. खिडकी पाठीमागे नको, स्क्रीनवर चमक येते. समोरही नको, डोळे दिपतात. बाजूला हवी.

टेबलच नसेल तर जमिनीवर बसा, त्यात कमीपणा काही नाही. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) जुने दिवाणजी आयुष्यभर गादीवर बसून वह्या लिहायचे. त्यांच्यासमोरची ती उतरत्या झाकणाची लाकडी पेटी आठवते? वही डोळ्यांकडे वर यायची, मान खाली जायची नाही. पाठीला तक्क्या. शिवाय गिऱ्हाईक आलं की उठणं व्हायचंच. तुम्हीही भिंतीला टेकून, तीन-चार इंच जाड बैठकीवर बसा म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहील, समोर चौरंग. पण मांडी घालून सलग तासभर नको. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं जाणारी नस दबते. पाऊल लुळं पडून चालताना फरफटायला लागलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यातला एक तर कोडिंगवालाच होता. महिनाभरात बरा झाला, पण घाबरला फार.

आता करंगळी, कारण तुमच्या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे, आणि तुम्ही ते एका ओळीत उरकलंय. लहानपणी कोपर दाराला आपटून हातभर झिणझिण्या यायच्या ना? ती नस कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीतून जाते, अगदी कातडीखालून. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू ही तिची हद्द. कोपर कडेवर रोवलं की ती दाबली जाते, आणि फोन कानाला धरून कोपर दुमडलेलं राहिलं की ताणली जाते. तुम्ही दिवसभर दोन्ही करता.

घरीच बघा. डावं कोपर पूर्ण दुमडा, मनगट सरळ, आणि मिनिट-दोन मिनिटं तसंच धरा. करंगळीत मुंग्या वाढल्या तर संशय कोपरावर. त्याऐवजी मान मागे करून डावीकडे वळवल्यावर कळ खांद्यातून खाली उतरत असेल तर मानेकडे बघावं लागेल. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं रात्री बधिर होत असती तर मी मनगट म्हटलं असतं. दोन्ही पायांनाही मुंग्या असतील तर हे सगळं सोडा आणि रक्तातली साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या.

कोपरच निघालं तर उपाय बिनपैशाचा आहे: कोपर कशावरही टेकवायचं नाही. रात्री हात दुमडून उशाखाली घेऊन झोपायची सवय असेल तर कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळून बांधा, म्हणजे झोपेत ते पूर्ण दुमडणार नाही. चार ते सहा आठवडे द्या. पण एक तपासणी आजच करा. दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये कागद धरा आणि कोणाला तरी तो ओढायला सांगा. डाव्या हातातून सहज सुटत असेल, कप पडत असेल, किंवा अंगठा-तर्जनीमधला मांसल भाग खोलगट दिसायला लागला असेल, तर आठवडे मोजत बसू नका. सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर, जिथल्या मोठ्या दवाखान्यात जमेल तिथे दाखवा आणि नसेची तपासणी करून घ्या. आणि चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, मानदुखीबरोबर ताप, यांतलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

बरं, फवारणी. सोळा लिटरचा भरलेला पंप पंपासकट वीस किलोच्या आसपास जातो. पट्टा खांद्याच्या ज्या भागावर रुततो त्याच्याखालून हाताच्या सगळ्या नसा जातात. आठवडाभर खांदे आखडलेल्या माणसानं रविवारी एकदम दहा-बारा पंप मारले तर सोमवारी काय होणार? पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. बाबा एकटेच वावरात आणि पोरगा सावलीत, हे आपल्याकडे कोणाला जमत नाही. पट्ट्याखाली दुपट्ट्याची जाड घडी घाला, पंप अर्धाच भरा, दोन पंपांमध्ये थांबा. आणि वावरातून आल्यावर आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय लॅपटॉपला हात लावू नका. हे मी गमतीनं लिहीत नाही. एकजण फवारणीवरून येऊन तसाच मीटिंगला बसला होता, कीबोर्डला औषधाचा वास. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, ते आपण विसरू नये. फवारणीनंतर खूप घाम, लाळ, मळमळ, अंधुक दिसणं असं काही झालं तर औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. 'स्क्रीनमुळे होत असेल' म्हणू नका.

डोळ्यांचं थोडक्यात: स्क्रीनकडे बघताना पापणी मिटणं निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं, म्हणून चुरचुर. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद अंगणापलीकडचं झाड बघा. उन्हाळ्यात कूलरचा झोत तोंडावर नको. कूलर खिडकीत बाहेरच्या हवेवर लावा आणि समोरचं दार किलकिलं ठेवा, नाहीतर खोली दमट होते आणि पंखा असूनही घुसमटतं. पाणी भरताना प्लग काढूनच भरा, अर्थिंग तपासून घ्या. कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात आपल्याकडे माणसं जातात, आणि घरात ओल्या फरशीवर अनवाणी वावरणारा माणूस आता दिवसभर असतो.

पाण्याचंही तेच. संडास मागच्या अंगणात, मीटिंग दोन तासांची, म्हणून पोरं पाणीच पीत नाहीत. डोकं दुखतं ते अनेकदा याचमुळे. घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल, आणि आपल्या पूर्व विदर्भात तो बऱ्याच घरांत आहे, तर शरीरातलं पाणी कमी होणं हे वेदनेच्या झटक्याला आमंत्रण असतं. त्यांनी बाटली समोर ठेवूनच बसावं.

तासांबद्दल लिहायला मला संकोच वाटतो, कारण तिथे माझी पट्टी-शेक चालत नाही. तुमचे आठवड्याचे तास पंचावन्नच्या पुढे जातात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये मांडलेला हिशोब असा: आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकारानं मृत्यूचा सुमारे १७ टक्के जास्त. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात, २०१७ च्या, २०२१ मध्ये दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती. तेव्हा १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना तो लागू होता. आता नियम काय आहे आणि तुमच्या पदाला कसा लागू पडतो ते जाणकाराला विचारा, मी वकील नाही. पण मॅनेजरशी बोलताना 'मान दुखते' यापेक्षा 'दीड ते दोन मी लॅपटॉपवर नसेन' हे वाक्य जास्त चालतं, एवढं मी पेशंटांकडून शिकले.

लाईनचा मुद्दा इथेच येतो. दुपारी दोन तास लाईन जाते आणि मग ते दोन तास रात्री अकरापर्यंत भरून काढले जातात. उलट करा. लाईन जाण्याची वेळ गावात सगळ्यांना माहीत असते, तीच विश्रांतीची धरा: जेवण, वीस मिनिटं आडवं होणं, अंगणात दोन फेऱ्या. बॅटरी संपवत, अंधाऱ्या खोलीत वाकून 'तेवढं संपवतो' म्हणणं हा दिवसातला सगळ्यात वाईट तास असतो.

तुम्ही विचारलं नाही, पण घरात बहीण-वहिनी असं काम करत असतील तर त्यांच्याकडेही बघा. माझी एक पेशंट बँकेचं बॅक-ऑफिसचं काम करते. तिचा लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कारण पोळ्याही व्हायला हव्यात आणि कॉलही. सहा तास उभी, आणि सासू म्हणते, 'काऊन वं, घरीच तं असतं दिवसभर!' तिला मी एकही व्यायाम शिकवला नाही. नवऱ्याला बोलावून सकाळच्या पोळ्या कोण करणार ते ठरवलं. पाठदुखी तीन आठवड्यांत निम्मी उतरली.

आणि ताप. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनामुळे अमरावती-अचलपूर बंद झालं, पुढे आपल्याकडेही घरोघरी ताप आला, तेव्हा किती जण पॉझिटिव्ह असताना लॉगइन करत होते! ऑफिस लांब असतं तर सुट्टी घेतली असती, इथे लॅपटॉप उशाशीच. आजारपणात आणि नंतरही काही आठवडे शरीराला उसंत लागते. काम परत सुरू करताना अर्ध्या दिवसानं करा. थोडं काम करून दुसऱ्या दिवशी पार गळून जात असाल तर ते आळस समजू नका, तास कमी करा. एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर चोळू नका, डॉक्टरला दाखवा. रक्ताची गाठ असू शकते.

तर क्रम असा धरा. या आठवड्यात फोन खिडकीत आणि तुम्ही आत, कीबोर्ड-माऊस, विटा-गोधडी, आणि कोपर टेकवणं बंद. दर अर्ध्या तासानं उठायचं, मग ते ढोरांना पाणी पाजायला का असेना. सहा आठवडे असं करूनही कंबर दुखत राहिली तर खुर्ची घ्या. तेव्हाही ऑनलाइन नको, वर्ध्याला जाऊन अर्धा तास बसून बघून. गेमिंगच्या नावानं मिळणाऱ्या रंगीत खुर्च्यांवर माझा जीव नाही. बऱ्याच पोरांना त्या मोठ्या होतात, पाय लोंबतात.

राहिलं आईचं तेल. खुशाल चोळून घ्या. तेल मुरून दुखणं जातं असं नाही, पण शेक आणि हाताच्या दाबानं आखडलेला स्नायू सैल होतो, आणि तेवढी पंधरा मिनिटं तुम्ही स्क्रीनपासून लांब असता. तेल कोमट असू द्या, आणि मणक्यावर नाही, दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर. फक्त दाढीला गेल्यावर न्हावी 'मान मोडून देऊ का' म्हणाला तर हात जोडून नको म्हणा. त्या झटक्यानं मानेतली रक्तवाहिनी फाटू शकते, आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. कागदाची तपासणी करून डाव्या हाताचं काय झालं ते इथेच कळवा.